संगणकाच्या गोदामातील ‘झोन’ : कोणाला कोणते दार दिसावे?

२४ फेब्रुवारी २०२१, बुधवारचा दिवस. सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजमधील सर्व सौदे थांबवावे लागले. ते पुन्हा सुरू झाले दुपारी पावणेचारला. एरवी साडेतीनला बंद होणारा बाजार त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत चालवावा लागला. पुढे एक्स्चेंजने जो खुलासा केला तो असा : मुख्य केंद्र आणि जवळचे दुसरे केंद्र यांना जोडणाऱ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांत बिघाड झाला. तसा बिघाड झाला तरी काम चालू राहावे अशी रचना होती. पण प्रत्यक्षात मुख्य केंद्रातील ‘स्टोरेज एरिया नेटवर्क’ तिथल्या संगणकांना मिळेनासे झाले. सौद्यांच्या जोखमीवर नजर ठेवणारी व्यवस्था त्यावर चालत होती, ती थांबली आणि तिच्यावाचून सौदे चालू ठेवता येईनात.

देशातला सर्वांत मोठा शेअर बाजार चार तास थांबला, तो माल साठवण्याच्या यंत्रणेपायी. याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे. आज घोटीच्या बाजारात भाताचा व्यापारी असो की शिलाईचा कारीगर, क्यूआर कोडचा फलक बहुतेकांच्या गल्ल्यावर दिसतो. बँकेचे खाते, जीएसटीचे विवरण, उधारीचा हिशेब, सगळे आकडे कुठल्या तरी यंत्रात जाऊन बसतात. आपल्या वडीलधाऱ्यांची वही दुकानातच, त्यांच्या डोळ्यांसमोर असायची. आपली वही आपल्याला दिसत नाही. भारतातील पेमेंटची सर्व माहिती भारतातच ठेवावी, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये काढला. अशी माहिती सांभाळणारी मोठी केंद्रे नवी मुंबईत ऐरोली, रबाळे, महापे येथे व पनवेलकडे आहेत. भिवंडीहून माल आणणारा आपला टेम्पो जिथून परत फिरतो, तिथून ती फार लांब नाहीत.

आपली अमानत ज्या गोदामात ठेवली आहे, तिथली कुलपे कशी लावतात हे व्यापाऱ्याला ठाऊक असावे. त्या कुलपांपैकी एकाचे नाव ‘झोन’. त्याचीच माहिती आज घेऊ.

दुकान वेगळे, गोदाम वेगळे

लहान दुकानात माल दुकानातच असतो. फळीवरचे तागे संपले की खाली ठेवलेली गाठ सोडायची. आपल्या टेबलावरचा संगणकही असाच. त्याची माहिती त्याच्याच पोटातल्या डिस्कवर राहते. धंदा वाढला की दुकान पुरत नाही, वेगळे गोदाम घ्यावे लागते. बँकेकडे शेकडो मोठे संगणक असतात, त्यांना सर्व्हर म्हणतात. प्रत्येकाच्या पोटात वेगळी डिस्क ठेवली तर एकाची भरून वाहते आणि दुसऱ्याची रिकामी पडते. म्हणून डिस्क एका जागी मोठ्या कपाटांत ठेवतात. हे झाले स्टोरेज. सर्व्हर आणि स्टोरेज यांच्यामध्ये फक्त याच कामाचे वेगळे रस्ते टाकतात. त्या सगळ्या रस्त्यांचे मिळून नाव स्टोरेज एरिया नेटवर्क, थोडक्यात ‘सॅन’.

हे रस्ते बहुधा काचेच्या बारीक तंतूंचे असतात. त्यावरून माल कसा न्यायचा याचे नियम ‘फायबर चॅनल’ या नावाने १९९४ मध्ये अमेरिकेत प्रमाण म्हणून मंजूर झाले. सर्व्हरमध्ये एक खास कार्ड बसवतात, त्याला एचबीए म्हणतात. कार्डातून निघालेली तार ‘स्विच’ नावाच्या पेटीत जाते. स्विच म्हणजे मनमाड जंक्शन समजा. चारी दिशांच्या गाड्या तिथे येतात आणि ज्या गाडीला जिकडे जायचे तिकडचा मार्ग तिला मिळतो.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गोदाम दूर आहे हे सर्व्हरला कळतच नाही. जी डिस्क दिसली ती आपल्याच पोटातली, असे तो धरून चालतो. झोनची गरज इथूनच निर्माण होते.

नावे आपल्याच धंद्यातली

स्विच एकमेकांना जोडून रस्त्यांचे जे जाळे तयार होते, त्याला संगणकवाले ‘फॅब्रिक’ म्हणतात. फॅब्रिक म्हणजे कापड. उभ्या-आडव्या धाग्यांसारखे रस्ते एकमेकांत गुंतलेले, म्हणून हे नाव. असे स्विच बनवणारी एक प्रसिद्ध कंपनी १९९५ मध्ये अमेरिकेत निघाली, तिचे नाव ‘ब्रोकेड’, म्हणजे आपला किनखाब. तिच्या पहिल्या स्विचना नाव दिले ‘सिल्कवर्म’, म्हणजे रेशमाचा किडा. २०१७ च्या नोव्हेंबरात ही कंपनी ब्रॉडकॉमने विकत घेतली, पण स्विचवर ब्रोकेड हे नाव राहिले. या धंद्यातले दुसरे मोठे नाव सिस्को.

येवल्याची पैठणी विणणारा कारीगर असो की मालेगावचा यंत्रमागवाला, त्याला हे चटकन उमगेल. मागावर हजारो धागे असतात, पण प्रत्येक धागा फणीच्या ठरलेल्या घरातूनच जातो. धागा चुकून भलत्या घरात गेला तर कापडावर दोष उठतो. सॅनमध्येही कोणता धागा कोणत्या घरातून जायचा हे आधी ठरवावे लागते. ते ठरवणे म्हणजेच झोन बांधणे.

सगळ्यांना सगळे दिसले तर

हंगामात घोटीच्या भाताच्या गिरणीत अनेक शेतकऱ्यांचे भात येते. कोणाची इंद्रायणी, कोणाचा कोलम. पोत्यांना चिठ्ठी नसेल तर हमाल समोर दिसेल ते पोते उचलील. त्याच्या मनात पाप असण्याची गरज नाही.

सर्व्हरचे तसेच आहे. सुरू होताना तो रस्त्यावर विचारतो, ‘इथे कोणकोणत्या डिस्क आहेत?’ जेवढ्या दाखवल्या तेवढ्या तो आपल्या मानतो. डिस्कवर आपली खूण लिहिण्याची सवय काही प्रणालींना असते. ती डिस्क आधीच दुसऱ्या सर्व्हरची असेल तर त्याची माहिती बिघडते. दोन सर्व्हर एकमेकांची खबर नसताना एकाच डिस्कवर लिहू लागले तर एकाच वहीच्या एकाच पानावर दोन मुनीम न बोलता लिहीत बसल्यासारखे होते. शेवटी हिशेब कोणाचाच उरत नाही.

दुसरे नुकसान गोंगाटाचे. फॅब्रिकमध्ये एखादे यंत्र आले किंवा गेले की स्विच तशी वर्दी देतो. ज्यांच्या कानावर ती पडते ते हातचे काम सोडून पाहू लागतात की आपले कोणी गेले काय. झोन लहान असेल तर वर्दी दोघा-तिघांनाच जाते. झोन मोठा असेल तर सगळा बाजार माना वळवतो. तिसरे नुकसान सुरक्षेचे. चाचणीसाठी ठेवलेल्या साध्या सर्व्हरमध्ये कोणी वाईट हेतूने शिरले तर त्याला बँकेची मुख्य डिस्क दिसताच कामा नये.

झोन म्हणजे यादी

झोन म्हणजे भिंत नाही. ती स्विचमध्ये लिहून ठेवलेली यादी असते. एका यादीत ज्यांची नावे आहेत त्यांनाच एकमेकांशी बोलता येते. एक यंत्र अनेक याद्यांत असू शकते. स्टोरेजचे एक दार दहा सर्व्हरांच्या दहा याद्यांत असले तरी ते दहा सर्व्हर एकमेकांना दिसत नाहीत. घाऊक व्यापाऱ्याकडे दहा किरकोळ दुकानदारांची खाती असतात, पण एकाची उधारी दुसऱ्याला कळत नाही, तसेच हे.

यादीत नाव दोन प्रकारे लिहितात. पहिला प्रकार जागेचा : अमुक स्विच, अमुक खिडकी. त्या खिडकीत जी तार असेल तिला परवानगी. यात कार्ड बदलले तरी यादी तीच राहते, पण कोणी तार काढून दुसऱ्या खिडकीत लावली की वाट चुकते. दुसरा प्रकार यंत्राच्या नावाचा. प्रत्येक कार्डाला कारखान्यातूनच सोळा अक्षर-आकड्यांचे नाव मिळते, ‘वर्ल्ड वाइड नेम’. साधारणपणे ते जगात दुसऱ्या कोणाचे नसते. यात तार कोणत्याही खिडकीत लावा, ओळख कायम. मात्र कार्ड जळाले आणि नवे बसवले की नाव बदलते आणि यादीही बदलावी लागते. आज बहुतेक ठिकाणी दुसरा प्रकार वापरतात.

पहारा किती कडक यावरही दोन प्रकार होतात. ‘सॉफ्ट’ प्रकारात स्विच परक्याला पत्ता सांगत नाही एवढेच, पण ज्याला पत्ता आधीच माहीत आहे तो पोहोचू शकतो. ‘हार्ड’ प्रकारात यादीबाहेरच्याचा माल स्विच दारातच अडवतो. आजचे चांगले स्विच दारात अडवणारे आहेत.

बांधणीच्या पायऱ्या

पहिली पायरी नावे गोळा करण्याची. प्रत्येक कार्डाचे आणि स्टोरेजच्या प्रत्येक दाराचे सोळा अक्षरांचे नाव तपासून वहीत लिहावे. दुसरी पायरी टोपणनावाची. सोळा अक्षरे कोणाच्या लक्षात राहत नाहीत, एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी घोटाळा. म्हणून ‘खाते-सर्व्हर-१-कार्ड-अ’ असे समजणारे टोपणनाव द्यावे. तिसरी पायरी झोनची : कोणते टोपणनाव कोणत्या दाराबरोबर. चौथी पायरी, सर्व झोन एका संचात घालणे. पाचवी पायरी, तो संच जतन करून चालू करणे. संच कितीही लिहून ठेवता येतात, पण एका फॅब्रिकमध्ये एका वेळी एकच चालू असतो.

या कामातला मोठा नियम हा : एका झोनमध्ये एकच सर्व्हरकार्ड असावे. साधा हिशेब करून पाहा. २० सर्व्हरकार्डे आणि स्टोरेजची २ दारे आहेत. प्रत्येक कार्डाला दोन्ही दारे हवीत, म्हणजे गरजेच्या जोड्या झाल्या ४०. आळस करून सर्व २२ जणांना एकाच झोनमध्ये कोंबले तर एकमेकांना दिसणाऱ्या जोड्या होतात २३१. म्हणजे १९१ जोड्या विनाकारण उघड्या राहिल्या. त्याऐवजी प्रत्येक कार्डाचा वेगळा झोन केला तर झोन २० होतात, लिहायला वेळ लागतो, पण कार्डाला दुसरे कार्ड दिसत नाही. यातली लिहिण्याची मेहनत वाचवण्यासाठी नव्या स्विचमध्ये सोय आहे. सिस्को तिला ‘स्मार्ट झोनिंग’ म्हणते, ब्रोकेडमध्ये ‘पीअर झोनिंग’. यात गिऱ्हाईक कोण आणि गोदाम कोण हे सांगून ठेवतात, मग एका यादीत असूनही गिऱ्हाईक गिऱ्हाइकाला दिसत नाही.

दोन रस्ते, दोन कुलपे

जिथे काम थांबता कामा नये तिथे फॅब्रिक एक नसते, दोन असतात, ‘अ’ आणि ‘ब’. दोहोंचे स्विच वेगळे, तारा वेगळ्या आणि झोनच्या याद्याही वेगळ्या. सर्व्हरचे एक कार्ड ‘अ’ मध्ये, दुसरे ‘ब’ मध्ये. एक रस्ता पडला तर काम दुसऱ्याने चालते. कसारा घाट बंद पडला की माल दुसऱ्या वाटेने येतो, तसे. वाट लांबची असली तरी बाजार उपाशी राहत नाही.

कुलपेही दोन. झोन हे रस्त्यावरचे फाटक. फाटक ओलांडून आल्यावर स्टोरेजच्या आत दुसरे कुलूप असते, त्याला ‘लन मास्किंग’ म्हणतात. स्टोरेजमधल्या जागेचे जे लहान-मोठे कप्पे पाडतात त्यातला एक कप्पा म्हणजे ‘लन’. कोणत्या सर्व्हरला कोणता कप्पा उघडायचा, हे स्टोरेज ठरवते. गोदामाच्या आवारात यायला पास मिळाला म्हणून सगळ्या गाळ्यांच्या किल्ल्या मिळत नाहीत. फाटक आहे म्हणून गाळ्याला कुलूप नको, किंवा गाळ्याला कुलूप आहे म्हणून फाटक नको, असे म्हणणारा एक दिवस फसतो.

बांधण्यापेक्षा सांभाळणे अवघड

झोन एकदा बांधून संपत नाहीत. सर्व्हर येतात, जातात, कार्डे बदलतात. खरे नुकसान या फेरबदलांत होते. जाणकार काही पथ्ये पाळतात.

फेरबदलाआधी चालू यादीची प्रत काढून ती स्विचबाहेर, दुसऱ्या जागी ठेवतात. बदल आधी ‘अ’ फॅब्रिकमध्ये करतात. सर्व सर्व्हरना आपापल्या डिस्क दिसतात याची खात्री करतात. मगच ‘ब’ ला हात लावतात. दोन्हीकडे एकदम हात घातला आणि चुकले, तर मागे फिरायला रस्ताच उरत नाही.

नवा संच चालू केला की जुना बाजूला होतो, हे विसरून चालत नाही. नव्या संचात जुने झोन लिहायचे राहिले तर ज्यांची नावे गेली त्या सर्व्हरना आपल्या डिस्क त्याच क्षणी दिसेनाशा होतात. म्हणून चालू संचाला नवा झोन जोडावा, कोरा संच लिहायला बसू नये. कोणताच संच चालू नसेल तर स्विच सगळ्यांना सोडतो की सगळ्यांना अडवतो, हे त्याच्या मूळ मांडणीवर अवलंबून असते. ती मांडणी पहिल्याच दिवशी ‘अडवा’ अशी करून ठेवावी.

दुसरीकडे वापरलेला जुना स्विच फॅब्रिकला जोडायचा असेल तर त्यातली जुनी यादी आधी पुसावी लागते. एकाच नावाचे झोन दोन्हीकडे असतील आणि आतली नावे वेगळी असतील, तर दोन स्विच एकमेकांशी जुळत नाहीत, फॅब्रिकचे दोन तुकडे पडतात. पुसले नाही आणि जुळले, तर जुनी नावे नव्या फॅब्रिकमध्ये शिरतात.

आणि शेवटचे, कायम दुर्लक्षित राहणारे काम म्हणजे साफसफाई. सर्व्हर मोडीत गेला, पण त्याचा झोन तसाच राहिला, असे फार ठिकाणी असते. नोकरी सोडून गेलेल्या माणसाची किल्ली परत न घेण्यासारखेच ते आहे. म्हणून प्रत्येक बदलाची तारीख, कारण आणि करणाऱ्याचे नाव लिहिलेली नोंदवही ठेवतात आणि ठराविक मुदतीने ती चालू यादीशी ताडून पाहतात.

त्या बुधवारचा धडा

आता पुन्हा २०२१ च्या बुधवारकडे येऊ. ती चूक झोनची होती असे एक्स्चेंजने म्हटलेले नाही आणि आपणही म्हणू नये. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली. जोडणी एकाच दूरसंचार कंपनीची नव्हती, दुसरे केंद्रही होते. तरी प्रसंग आला तेव्हा यंत्रणा ठरल्याप्रमाणे वागली नाही. दोन रस्ते कागदावर असून भागत नाही. एक रस्ता मुद्दाम बंद करून दुसऱ्यावरून गाडी जाते का, हे बाजार बंद असताना अधूनमधून पाहावे लागते. झोनच्या बाबतीतही हेच. ‘ब’ फॅब्रिकच्या यादीत एक नाव चुकलेले असेल तर ‘अ’ चालू आहे तोवर कोणाला पत्ता लागत नाही. ‘अ’ पडला त्या दिवशीच ते कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

आपल्या मुलांसाठी, आपल्या दुकानासाठी

आपल्यातली किती तरी मुले मुंबईच्या साबू सिद्दीकमध्ये, मालेगावच्या मन्सूरा संकुलात किंवा नाशिकच्या तंत्रनिकेतनांत संगणक शिकतात. पुढे काय, हा प्रश्न त्यांना पडतो. जो तो प्रोग्राम लिहायला धावतो. मोठ्या गोदामांची राखण करणारी ही शाखा कमी मुलांना माहीत असते. यात लिनक्स, नेटवर्कची मुळाक्षरे आणि स्टोरेजचे ज्ञान लागते. सिस्कोसारख्या कंपन्यांची मार्गदर्शक पुस्तके विनामूल्य वाचता येतात. आता साध्या नेटवर्कच्या तारांवरून चालणारे स्टोरेज आले आहे, भाड्याच्या क्लाउडची चाल वाढली आहे. तिथे झोन हा शब्द नसेल, पण कोणाला काय दिसावे याची यादी तिथेही लिहावीच लागते. त्यामुळे शिकलेले वाया जात नाही. हुशारीइतकीच इथे शिस्त लागते. सोळा अक्षरे दोनदा तपासणारा, बदल वहीत लिहिणारा आणि रात्री दोनला फोन आला तरी न गोंधळणारा मुलगा इथे टिकतो.

आणि आपल्या दुकानात? आपल्याकडे सॅन नाही, एक संगणक आणि एक मोबाइल आहे. तरी नियम तेच. हिशेबाच्या प्रोग्राममध्ये मुनीमाचे नाव वेगळे, विक्रीवर बसणाऱ्या पोराचे वेगळे ठेवा. ज्याला जेवढे काम, तेवढेच त्याला दिसू द्या. काम सोडून गेलेल्याचा पासवर्ड त्याच दिवशी बंद करा. हिशेबाची प्रत दर आठवड्याला वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुकानाबाहेर, घरी ठेवा. महिन्यातून एकदा ती उघडून पाहा, कारण न तपासलेल्या प्रतीवर अडचणीच्या दिवशी भरवसा ठेवता येत नाही.

यात कोणावर अविश्वास नाही. पोत्याला चिठ्ठी लावली म्हणून हमाल चोर ठरत नाही. उलट चिठ्ठी असली की शेतकऱ्याचे भात शेतकऱ्याला मिळते आणि हमालावर आळही येत नाही. दुसऱ्याची अमानत सांभाळणाऱ्या प्रत्येकाने, मग तो बँकेच्या गोदामात असो की घोटीच्या बाजारपेठेत, आपली यादी लहान, स्पष्ट आणि लिहिलेली ठेवावी.